आजी कुणाशी बोलतात?

साताऱ्याकडच्या एका आजींचे यूट्यूबवरचे स्वयंपाकाचे व्हिडिओ आमच्या टीव्ही चॅनलने घेतले आणि पहिला भाग एडिटला माझ्याकडे आला. जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा, म्हणून अर्ध्या तासाच्या स्लॉटला 24 मिनिटं भरावी लागतात. आजींचे व्हिडिओ सात-आठ मिनिटांचे. तीन जोडले की भाग झाला, असं ठरवणाऱ्यांना वाटतं.

नातवाने सगळं मोबाइलवर शूट केलेलं. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं म्हणतो, पण चुलीपाशी उजेड कमी पडला की आकडा घसरतो. आमचं प्रसारण 25 फ्रेमचं. फाइल तशीच एडिटच्या टाइमलाइनवर टाकली तर आवाज हळूहळू सरकत जातो. सहाव्या मिनिटाला भाकरी थापल्याचा आवाज आधी आणि आजींचा हात नंतर! म्हणून आधी प्रत्येक फाइलचा फ्रेम रेट स्थिर करून घेतला, मग 25 वर आणली आणि तरीही जिथे फरक दिसला तिथे एकेक थाप हाताने जुळवली. यात दुपार गेली. ती थाप अचूक बसलीय, याचा मला अभिमान आहे. प्रोमोवाल्यांना तिथे संगीत हवं होतं, ते मी घालू दिलं नाही. काही शॉट उभे होते. टीव्हीवर ते जेमतेम एक तृतीयांश रुंदी व्यापतात आणि दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून भरायची पद्धत आहे. मला ती अजिबात पटत नाही. मी परातीवर चित्र मोठं केलं. थोडं फुटलं, पण भाकरी दिसली.

मग प्रोड्यूसरचा निरोप आला: कमेंट, लाइक, सबस्क्राइब, वेबचा कुठलाच उल्लेख नको. अशा 14 जागा होत्या. एकीत आजी म्हणतात, "परवा एका पोरीनं लिवलं हुतं, ज्वारीच्या भाकरीला तडं का जात्यात?" आणि मग सांगतात, पीठ जुनं असलं की भाकरी चिरते, उकळत्या पाण्यात पीठ मळ बाळा. मी प्रश्न कापला, उत्तर ठेवलं. वेळेच्या घाईत मला त्यात काही खटकलंही नाही.

संध्याकाळी प्रीव्ह्यू पाहून नातवाचा फोन आला. "ताई, आजी विचारतेय, त्या पोरीचा प्रश्न कुठं गेला? मग मी कुणाशी बोलतिया?"

मला काही सुचलं नाही. भाग तसाच क्यूसीला, म्हणजे प्रसारणाआधीच्या तपासणीला गेला, पासही झाला. रात्री घरी पुन्हा पाहिला. आजी मान वर करून थेट समोर बघतात, बोलतात, क्षणभर थांबतात. व्हिडिओत त्या थांबण्यासमोर एक मुलगी होती. माझ्या भागात ते नुसतं लांबलेलं वाक्य वाटतं, आणि पुढच्या कटमध्ये मी तेही आखडलं असतं.

प्रश्न 11 सेकंदांचा आहे. ब्रेकनंतरचा रिकॅप, म्हणजे आधी दाखवलेल्याची उजळणी, 12 सेकंदांचा. चार मिनिटांपूर्वी पाहिलेली भाकरी लोक विसरत नाहीत. रिकॅप काढून प्रश्न परत घालू द्या, असं प्रोड्यूसरना लिहिलंय. भाग शनिवारी लागतोय, उत्तर आलेलं नाही.