तोकामाची : बर्फाच्या जिवावर उभं राहिलेलं शहर

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे टोकियोला आले की क्योतो, नारा, फुजी हे ठरलेलं. यंदा त्यांची तिसरी खेप. आई म्हणाली, "देवळं पुष्कळ झाली, आता मला इथली शेतं दाखव." तिचं माहेर मावळातलं, लहानपण भातलावणीत गेलेलं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिघं निइगाता प्रांतातल्या तोकामाचीला तीन दिवस जाऊन आलो. परत आल्यापासून ओळखीतल्या चौघांनी तरी कसं जायचं म्हणून विचारलं, त्यामुळे सविस्तर लिहून ठेवते.

आधी पोचायचं कसं ते सांगते. टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेनने एचिगो-युझावाला यायचं, साधारण सव्वा तास. तिथून होकुहोकु मार्गाची छोटी गाडी पाऊण तासाच्या आत तोकामाचीला सोडते. हा मार्ग वेगळ्या कंपनीचा आहे, त्यामुळे पर्यटकांना मिळणारा देशभराचा जेआर पास त्यावर चालत नाही. तिकीट वेगळं काढायचं. १९९७ साली सुरू झालेल्या या मार्गाचा बराच भाग डोंगराच्या पोटातून जातो. साडेदहा किलोमीटरच्या आकाकुरा बोगद्यात तर मिसाशिमा नावाचं एक स्टेशनच आहे. बाबांनी रेल्वेत आयुष्य काढलंय. अंधारात गाडी थांबून दार उघडलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. याच मार्गावर मात्सुदाईच्या पुढे नाबेताचियामा बोगदा लागतो. तिथली माती इतकी फुगणारी की खोदणारं यंत्रच तिने मागे रेटलं आणि नऊ किलोमीटरच्या कामाला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. बाबांना लगेच कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा आठवला. तिथेही भुसभुशीत मातीनेच सगळ्यांना रडवलं होतं.

तोकामाची म्हणजे 'दहाव्या दिवसाचं गाव'. पूर्वी इथे दहाच्या तिथींना बाजार भरायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडे बुधवार पेठ, शनिवार पेठ, तसंच. आज लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास. जपानची सर्वांत लांब नदी शिनानो, ३६७ किलोमीटरची, शहराजवळून वाहते. नदीने युगानुयुगं कापत आणलेले सपाट टप्पे पायऱ्यांसारखे दोन्ही बाजूंना चढत जातात. वस्ती, शेती, रस्ते सगळं या पायऱ्यांवर. २००५ साली मात्सुदाई, मात्सुनोयामा, कावानिशी आणि नाकासातो ही शेजारची गावं शहरात विलीन झाली. त्यामुळे नकाशावर 'तोकामाची शहर' म्हणून जे दिसतं ते बहुतेक डोंगर आणि भातशेती आहे. स्टेशनबाहेर येऊन 'शहर कुठे आहे?' असं शोधत बसू नका.

आता बर्फाबद्दल. तो समजून घेतल्याशिवाय इथली कुठलीच गोष्ट कळत नाही. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प घेतो आणि एचिगोच्या, म्हणजे निइगाताच्या, डोंगरांना धडकला की ते सगळं बर्फ होऊन खाली येतं. नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीला अडून महाबळेश्वरला पाऊस ओततो, तोच प्रकार. फक्त इथे पडतो तो बर्फ, आणि तो महिनोन् महिने हलत नाही. दोन-तीन मीटरचा थर इथे नवलाचा नाही. जुन्या बाजाररस्त्याच्या कडेने दुकानांपुढे छत असलेली पायवाट आहे, कारण एरवी शेजारच्या दुकानात जाणंही अवघड व्हायचं. नव्या घरांचा तळमजला काँक्रीटचा, त्यात गाडी आणि अवजारं. माणसं वरच्या मजल्यावर राहतात. रस्त्यांवर तांबूस डाग दिसले, तेव्हा आईला वाटलं गेरू सांडलाय. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या नळ्यांमधून भूजल फवारतात, त्यातल्या लोहाचा तो गंज.

असे चार-पाच महिने घरात कोंडलेल्या माणसांनी काय केलं? विणलं. रॅमी या झाडाच्या सालीचा धागा कोरड्या हवेत तुटतो, बर्फाच्या दमट हवेत टिकतो. म्हणून शेतकऱ्यांच्या घरातल्या बायका हिवाळाभर 'चिजिमी' नावाचं झिरझिरीत, उन्हाळ्यात वापरायचं कापड विणायच्या आणि वसंताच्या उन्हात ते बर्फावर पसरून उजळवायच्या. पुढे रेशीम आलं आणि तोकामाची किमोनोचं मोठं केंद्र झालं. बर्फावर कापड उजळवण्याची ती पद्धत या भागात अजून जिवंत आहे. ओजियाचं चिजिमी आणि एचिगोचं तलम कापड यांना २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

जेवणाचं ताट पण या मागावरूनच आलंय. 'हेगीसोबा' हा इथला खास पदार्थ: कुट्टूच्या पिठाच्या गार शेवया, 'हेगी' नावाच्या लाकडी ट्रेमध्ये एकेका घासाच्या लडी करून मांडलेल्या. पीठ बांधायला फुनोरी हे समुद्री शेवाळ घालतात. हेच शेवाळ विणकर सुताला खळ द्यायला वापरत. घरात खळीसाठी होतं, ते पिठात गेलं. शेवया गुळगुळीत लागतात, दाताखाली छान ताण देतात. शाकाहारी लोकांनी मात्र सावध राहायचं: सोबतच्या काळसर रश्शात वाळवलेल्या माशाचा अर्क असतोच. आईसाठी आम्ही नुसता सोया सॉस आणि वाटलेली मोहरी मागून घेतली. आणखी एक, मेतकूट आणि लसणाची चटणी बरोबर ठेवा. हा भाग उओनुमा कोशिहिकारी तांदळाचा, जपानमधल्या सर्वांत नावाजलेल्या तांदळांपैकी एक. भात बुटका, चिकट, गोडसर. आपल्या इंद्रायणीची थोरली बहीण शोभेल असा. त्या गरम भातावर मेतकूट घालून आईने दोन दिवस तेच जेवण केलं.

पहिला दिवस शहर संग्रहालयात घालवा. २०२० मध्ये त्याची नवी इमारत उघडली. सासायामा इथल्या उत्खननात सापडलेली ज्वालेच्या आकाराची मातीची भांडी इथे आहेत, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, जोमोन काळातली. १९९९ मध्ये त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. काठावर उसळणारे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे आकार, अंगभर मातीच्या वळ्या. ती शोभेची असावीत असं वाटतं, पण आत अन्न शिजल्याचे जळके थर सापडले आहेत. चाकाशिवाय, हाताने घडवलेल्या या भांड्यांसमोर मी तासभर होते. मांडणी आलटून पालटून बदलते, त्यामुळे समोर अस्सल भांडं आहे की प्रतिकृती, ते पाटीवर बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिथे गेलो, त्या जागेबद्दल मराठी माणसांना किती कमी माहिती आहे याचं मला वाईट वाटतं. शहराबाहेर डोंगरातल्या तळ्याकाठी, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय आहे. हासेगावा तोकिओ यांनी ते १९८२ मध्ये सुरू केलं. नाव मिथिलेचं, आणि गंगादेवींची मधुबनी चित्रं इथे आहेतच. पण एका दालनात आपली वारली चित्रं आहेत, डहाणूजवळच्या जिव्या सोमा म्हसे यांची. म्हसे इथे येऊन राहिले, इथेच बसून त्यांनी चित्रं काढली. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली समाजात सवाशिणींचं काम. म्हसे यांनी ती रेषा रोजच्या चित्रात आणली, पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. मोठ्या मातकट कापडावर तांदळाच्या पिठाचे बारीक पांढरे ठिपके, त्यातून उठणारी माणसं, झाडं, मासळीची जाळी. बाहेर खिडकीतून दिसत होती भाताची खाचरं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे सगळं तांदळानेच काढलंय गं."

गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचा शेवट २००१ साली इथेच झाला, घरापासून इतक्या दूर. त्यांचं काम बघताना हे मनातून जात नाही. संग्रहालयाला जायला टॅक्सी किंवा स्वतःची गाडी हवी. आणि निघण्याआधी फोन करून उघडं आहे ना ते विचारा, विशेषतः बर्फाच्या दिवसांत.

सूचना म्हणून इथेच सांगते: मंगळवार-बुधवार टाळा. कलेशी संबंधित बरीच ठिकाणं या दोन दिवशी बंद असतात. आमचा पहिला दिवस मंगळवार होता, त्यामुळे मात्सुदाईचा बेत शेवटच्या दिवसावर ढकलावा लागला.

तोकामाची आणि शेजारचं त्सुनान या ७६० चौरस किलोमीटरच्या भागात २००० सालापासून एचिगो-त्सुमारी कला महोत्सव दर तीन वर्षांनी भरतो. तरुण शहरात गेले, गावं म्हातारी झाली, शाळा ओस पडल्या. त्या रिकाम्या घरांत आणि शेतांत जगभरच्या कलाकारांना बोलवायचं, ही कल्पना किटागावा फ्राम यांची. मागचा महोत्सव २०२४ मध्ये झाला. महोत्सव नसतानाही कित्येक कलाकृती जागेवर असतात. मला सर्वांत आवडली ती मात्सुदाई स्टेशनजवळची काबाकोव्ह दांपत्याची: पलीकडच्या उतारावरच्या खाचरांत नांगरणाऱ्या, पेरणाऱ्या, कापणाऱ्या शेतकऱ्यांच्या निळ्या-पिवळ्या आकृत्या, आणि अलीकडच्या इमारतीतून बघताना त्यांच्यावर तरंगणारी कवितेची अक्षरं. शेताच्या मालकाने आधी नकार दिला होता. अमेरिकन कलाकार जेम्स टरेल यांच्या 'प्रकाशगृहा'त मुक्कामही करता येतो. छप्पर सरकतं आणि पहाटेचं आकाश चौकटीत येतं. आम्हाला जागा मिळाली नाही, तुम्ही काही महिने आधी नोंदणी करा.

कियोत्सु दरीचं नाव सगळे घेतात, तेव्हा थोडक्यात. खडकाचे षटकोनी खांब दोन्ही कड्यांवर रचल्यासारखे उभे, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारखे, पण मैलभर पसरलेले. जुनी पायवाट दरड कोसळल्यानंतर बंद झाली आणि १९९६ मध्ये ७५० मीटरचा बोगदा झाला. त्याच्या टोकाला २०१८ पासून पाण्याचा उथळ थर आहे, त्यात दरी उलटी दिसते. चाल सपाट आहे, आई-बाबांना काही त्रास झाला नाही. पाण्याच्या कडेने पुढे जायचं तर पाय भिजतात, सपाता घाला. गर्दीच्या दिवसांत आगाऊ वेळ घ्यावी लागते. गाडी नसेल तर एचिगो-युझावाहून बस आहे, पण थांब्यापासून अर्धा तास चालायचं.

गाडीबद्दल माझं स्पष्ट मत: घ्याच. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, तो इथे चालतो आणि गाड्याही डाव्या बाजूने. मात्र डिसेंबर ते मार्च, बर्फाची सवय नसेल तर चालवू नका. तेव्हा यायचं तर फेब्रुवारीच्या मध्यावरच्या हिमोत्सवाला रेल्वेने या. १९५० साली सुरू झालेला हा उत्सव शहरातले लोक अंगणात, गल्लीत बर्फाच्या मूर्ती घडवून साजरा करतात. १५ जानेवारीला मात्सुनोयामात बाहेरगावच्या नव्या जावयाला देवळापाशी उचलून बर्फाच्या उतारावरून खाली फेकतात, मग सगळे एकमेकांच्या तोंडाला काजळी फासतात. बाबांनी ही प्रथा माझ्या नवऱ्याला फोन करून कळवली.

मुक्काम आम्ही मात्सुनोयामाच्या गरम झऱ्यांपाशी केला. हे पाणी खारट आणि औषधी वासाचं. लाखो वर्षं जमिनीखाली दाबून राहिलेलं प्राचीन समुद्राचं पाणी वर येतं असं सांगतात. फार वेळ बसू नका, रक्तदाब असेल तर पाच मिनिटं पुरेत. जवळच बिजिनबायाशी हे सरळसोट बीच वृक्षांचं वन आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कोळशासाठी पूर्ण तोडलेलं, आणि पुन्हा एकदमच उगवलेलं, म्हणून सगळी झाडं एका वयाची.

शेवटच्या दिवशी पहाटे चारला उठून होशितोगेला गेलो. डोंगरउतारावर दोनशेच्या आसपास खाचरं, सगळी पाण्याने भरलेली, आणि खाली दरीत ढग. एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात आणि पुन्हा नोव्हेंबर, या दोन वेळा पाणी दिसतं. रस्त्याच्या कडेची ठरवलेली जागा सोडून खाली उतरू नका, बांधावर तर पाय ठेवूच नका. छायाचित्रांच्या नादात लोक बांध फोडतात, आणि तो बांध पुन्हा घालणारं माणूस बहुतेक सत्तरीचं असतं.

लावणी यंत्राने झाली होती, पण कोपऱ्यात यंत्र पोचत नाही. तिथे एक आजी वाकून हाताने रोपं खोवत होती. रस्त्याच्या कडेला आली तेव्हा आईने तिला नमस्कार केला आणि एका चुडात रोपं किती, हे बोटांनी विचारलं. आजीने तीन बोटं दाखवली, मग जरा थांबून चौथं. आईने मान डोलावली आणि स्वतःची चार बोटं वर केली.