आमची वाटचाल : बसतंय, पण चालत नाही

सांगलीत हरभट रोडजवळच्या बोळात लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी गाळा घेतला, तेव्हा भांडवल म्हणजे एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि मित्रांचे बंद पडलेले चार्जर. तोवर हा निव्वळ छंद. लॅपटॉपचा चार्जर चिकटवलेला असतो, स्क्रू नसतात. हॅक्सॉ ब्लेडनं सांधा कापायचा आणि आत बघायचं. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात, हे कोपरापर्यंत झिणझिण्या आल्यावर कळलं.

ग्राहक म्हणायचे, "पिन बसतीय की, मग चार्ज का होईना?" पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नसतं. व्होल्ट लॅपटॉपवर लिहिलेत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. नुसत्या मीटरवरही भरवसा नको. काही न जोडलेला चार्जर १९ व्होल्ट दाखवतो आणि लोड दिला, म्हणजे त्यातून करंट ओढला, की मान टाकतो. म्हणून टेबलावर दहा ओहमचा, पन्नास वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून कायम ठेवलेला. दोनेक अँपिअर ओढतो. चांगलाच तापतो, नव्या माणसाला एकदा तरी चटका देतोच.

विश्रामबागेतला एक विद्यार्थी डेलचा लॅपटॉप घेऊन आला. "काका, व्हायरस आहे, लई स्लो झालाय." दोनदा विंडोज टाकून झालं होतं. या कंपनीच्या गोल पिनेत मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख विचारतो. ती वायर तुटली होती. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो. दहा मिनिटांचं सोल्डरिंग, व्हायरस गेला!

दुसऱ्याला शिकवणारे आम्ही २०१८ मध्ये स्वतःच फसलो. पुण्याहून आठव्या जनरेशनचे सहा सेकंडहँड आय-फाइव्ह प्रोसेसर स्वस्तात आणले. गिऱ्हाइकांकडे एच-११० चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्ड. प्रोसेसर बसतो ते सॉकेट एलजीए ११५१, प्रोसेसरही ११५१, खाचासुद्धा जुळतात. बसले. डिस्प्ले येईना. रॅम बदलली, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय बदलला, रात्री अकराला लक्षात आलं की आठव्या जनरेशनला ३०० सिरीजचाच चिपसेट लागतो, एच-११० त्याआधीचा. विकणाऱ्याची चूक नव्हती, आम्हीच खाचा बघून पैसे मोजले. तेव्हापासून बोर्डाचा नंबर आणि बायोसचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) व्हर्जन बघितल्याशिवाय प्रोसेसर देत नाही. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणून वेगळं ग्राफिक कार्ड आहे का, हेही विचारतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, गाळा बुडाला. मदरबोर्ड आधी स्वच्छ पाण्यानं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुतले, बरेच उठले. चार्जर मात्र सगळे भंगारात दिले. ज्यात थेट मेनचा करंट येतो, तिथं गाळाचा कण राहिला तर कुणाच्या घरी आग लागायची.

त्या सहा प्रोसेसरांतले पाच पुढं एच-३१० बोर्डांवर खपले. सहावा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी तो आणि एच-११० चा बोर्ड हातात देतो, म्हणतो, "जोड." आजवर एकीनंच बसवण्याआधी बोर्डाचा नंबर वाचून तो परत केला. सकाळचं दुकान आता तीच उघडते.