खिशातला पावाचा तुकडा

रविवार, रात्री साडेनऊ

सकाळी इथं आयर्लंडमध्ये स्किबरीन गावाला निघाले तेव्हा घरमालकीणबाईंनी हातावर पावाचा तुकडा ठेवला. "टेकडीवर जाणार ना? खिशात असू दे." इथल्या बटाट्याच्या दुष्काळात माणूस जिथं भुकेनं पडला तिथल्या गवतावर पाय पडला, की चालणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, पायातलं त्राण जातं. आयरिशमध्ये त्याला 'फेर गॉर्तख' म्हणतात, भुकेचं गवत. बाई ऐंशीच्या आहेत. त्यांना हे आजीनं सांगितलं, आजीला तिच्या आजीनं. घरातलं कोण गेलं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. "कुणाची जमीन कुणाकडे गेली, तेही कुणी काढायचं नाही," म्हणाल्या.

टेकडीवर ऊन तिरपं झालं आणि गवताखालून सरी-वरंबे वर आले. बटाट्याचे! पावणेदोनशे वर्षांत तिथं परत कुणी कुदळ मारलेली नाही. आमच्या मंचरकडे बटाट्यावर पडतो तोच करपा. इथं 1845 ला आला, 1846 ला जवळजवळ सगळं पीक घेऊन गेला. गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतंच. धान्य मात्र बंदरातून बाहेर जातच होतं. हे वाचलेलं होतं, पण त्या वरंब्यांवर उभं राहून फार राग आला.

ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं आहेत. नावं नाहीत, नुसती कापलेली हिरवळ. शवपेट्या पुरेनात म्हणून तळाला बिजागरीचं दार असलेली एकच पेटी फिरवत. दार उघडलं की प्रेत खड्ड्यात, पेटी पुढच्यासाठी परत. भुकेपेक्षा रोगराईनं जास्त नेले. उवांमधून पसरणारा टायफस, उलटून येणारा ताप, हगवण. अख्खं घर तापानं गेलं की शेजारी आत जायला धजत नसत, झोपडीच वरून पाडत. तीच कबर.

त्या वर्षांना आयरिश माणसं 'द्रोखहील' म्हणतात. 'द्रोख' म्हणजे वाईट, 'सील' (जोडशब्दात 'हील') म्हणजे आयुष्य, काळ. वाईट काळ. दुष्काळ! बसमध्ये हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

तुकडा खिशात तसाच राहिला होता. बाईंना परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "खाऊन टाक. कचऱ्यात नको."

उभ्या उभ्याच खाल्ला. पार वाळला होता.