दार वाजवल्यावर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लेव्हिटाउन नावाचं गाव आहे. तिथे नवा माणूस हमखास रस्ता चुकतो. एका वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, घरांची ठेवण सारखीच, आणि ऑक्टोबरात संध्याकाळी सहानंतर दारावरचे नंबर दिसेनासे होतात. २०२४ च्या ऑक्टोबरातले चारही शनिवार मी तिथे चालत होते. हातात मोबाइल, त्यावर मतदारांची यादी. कोणत्या घरात कोण राहतं, वय काय, कोणत्या पक्षाकडे नोंदणी आहे, मागच्या निवडणुकांना मतदान केलं होतं का, एवढं त्या यादीत असतं. मत कुणाला दिलं ते अर्थातच नसतं.

मी पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत राहते आणि लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. २०१९ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिलं मत दिलं. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी दारोदार फिरले. कोणासाठी, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते सांगितलं की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जाईल, आणि मला जे सांगायचंय ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

पहिल्या शनिवारी मी परीक्षेला बसावं तशी तयारी करून गेले होते. सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, मेडिकेअर म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, आयातकर, प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही उमेदवारांचं म्हणणं तोंडपाठ. तिसऱ्या की चौथ्या घरी एक आजोबा भेटले. पंच्याहत्तरी ओलांडलेले. जवळच्या फेअरलेस पोलाद कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. १९५२ मध्ये लेव्हिटाउन वसायला लागलं तेव्हा इथल्या कितीतरी घरांची चूल त्याच कारखान्यावर पेटायची. माझं बोलणं त्यांनी शांतपणे, अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझे वडील जन्मभर डेमोक्रॅट होते. युनियन सांगेल तिथे मत. आता युनियनवाले राहिले नाहीत. शनिवारी सकाळी आम्ही आठ जण नाश्त्याला बसतो. त्या टेबलावरचे आठही जण यंदा एकालाच देणार."

मी विचारलं, "पण तुमचं स्वतःचं मत?"

"तेच तर सांगतोय," ते म्हणाले.

हे उत्तर मला अनेक दिवस पुरलं. आपण समजतो की मतदार दोन उमेदवारांना समोरासमोर उभं करतो, तराजूत घालतो आणि जड पारडं निवडतो. आजोबांच्या तराजूत उमेदवार एकटा नव्हताच. त्याच्यासोबत सात मित्र होते, गेलेले वडील होते, बंद पडलेल्या भट्ट्या होत्या. त्यांनी विचार केलेला नव्हता असं कुणी म्हणू नये. त्यांनी विचार सगळ्यांसोबत केला होता.

घरी येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं की हे फार पूर्वीच कुणीतरी मोजून ठेवलंय. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात झालेल्या लढतीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या इरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून तेच प्रश्न विचारले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं माणसांची मतं फिरवतात हे दिसेल, अशी अपेक्षा होती. पण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेले लोक अगदी थोडे निघाले. प्रचारापेक्षा घरातल्या आणि कामावरच्या माणसांचं बोलणं जास्त चाललं. आणखी एक गोष्ट त्यात होती, तिच्यावर मी थबकले: ज्यांच्या आजूबाजूची माणसं दोन बाजूंना ओढत होती, ते निर्णय लांबवत राहिले.

तशी एक बाई मला दुसऱ्या शनिवारी भेटली. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. वृद्धांची शुश्रूषा करते, दोन पाळ्या. नवरा एका बाजूला ठाम, मोठी बहीण दुसऱ्या. मी विचारलं तेव्हा तिने मागे वळून घरात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अजून ठरलं नाही." मी तिच्याकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिने मला पायरीवर बसवून घेतलं आणि उमेदवारांबद्दल एक शब्दही न बोलता वीस मिनिटं महागाईबद्दल बोलली.

महागाईबद्दल मला माझ्या कामामुळे थोडं जास्त दिसतं. फेब्रुवारी ते एप्रिल माझ्यासमोर लोकांचे पगाराचे आकडे असतात. २०२१ नंतर माझ्या बहुतेक ग्राहकांचे पगार वाढले, काहींचे चांगलेच वाढले. तरी ती माणसं खुर्चीत बसतानाच म्हणत, "परवडत नाही." सुरुवातीला मला वाटायचं, यांचा हिशेब चुकतोय. मग लक्षात आलं. वाढलेला पगार माणूस स्वतःच्या कष्टाच्या खात्यात लिहितो आणि वाढलेला भाव सरकारच्या. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो २.६ टक्क्यांवर आला होता. अर्थतज्ज्ञ म्हणत होते, महागाई आटोक्यात आली. पण दर उतरला म्हणजे भाव वाढण्याचा वेग उतरला. भाव तिथेच होते, वरच्या पायरीवर. बिल देणाऱ्याला वेग दिसत नाही, बिल दिसतं. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये चौदा वर्षांची सत्ता गेली, ऑक्टोबरात जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावलं. देश वेगळे, पक्ष वेगळे, पण तक्रार ओळखीची.

राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना रोनाल्ड रेगन यांना हे नेमकं कळलं होतं. २८ ऑक्टोबर १९८० ला क्लीव्हलँडच्या वादसभेत, मतदानाला आठवडा उरला असताना, त्यांनी लोकांना विचारलं होतं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का. या प्रश्नाचं उत्तर द्यायला धोरण वाचावं लागत नाही.

चेहरा, उंची, आवाज, टीव्हीवर कोण कसा दिसला, याबद्दल खूप लिहिलं गेलंय. १९६० च्या पहिल्या वादसभेत निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेले, ओढलेले दिसत होते आणि केनेडी ताजेतवाने, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती मला थोडी जास्तच सांगितली जाते असं वाटतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १५ ऑक्टोबर १९९२ च्या रिचमंडमधल्या वादसभेतला प्रसंग. श्रोत्यांतून एका बाईने विचारलं की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना प्रश्नच नीट उमगेना. त्याच कार्यक्रमात ते घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात दिसले होते. त्यांचे प्रतिस्पर्धी क्लिंटन खुर्चीवरून उठले, तिच्या दिशेने चालत गेले आणि तिलाच विचारलं, तुझ्यावर काय परिणाम झाला? मग आपल्या छोट्या राज्यात नोकरी गेलेल्या माणसांना आपण नावानिशी ओळखतो, असं सांगितलं. त्या चित्रफितीत मला आजोबांचं टेबल दिसतं. हा माणूस आपल्या टेबलावर बसला तर आठ जणांत नववा म्हणून चालेल का, हे लोक पाहतात. कर्जावरचं उत्तर कुणाचं बरोबर होतं, हे आज कुणाला आठवतं?

माझंही वेगळं नव्हतं. २०२० मध्ये मत देण्याआधी मी एक वही केली होती, डाव्या पानावर एक उमेदवार, उजव्या पानावर दुसरा. नि:पक्ष राहायचं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात ती वही सापडली. एका बाजूला मुद्दे लिहिलेत, दुसऱ्या बाजूला फक्त आक्षेप. मी ज्या ऑफिसात होते तिथली माझी जवळची मैत्रीण जे जेवताना बोलायची, तेच शब्द माझ्या अक्षरात होते. हे वाचून वाईट वाटलं. मैत्रिणीवर माझा विश्वास होता आणि आहे, पण ते मत एकटीने, अभ्यासातून घडवलंय असं मी चार वर्षं धरून चालले होते.

मग दारोदार फिरण्याचा उपयोग काय? जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या राज्यशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोग एकत्र करून २०१८ मध्ये मांडलं की मुख्य निवडणुकीत अशा भेटींनी मत बदलण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य असतं. हे मी निवडणूक संपल्यावर वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. पण १९९८ चा न्यू हेवन शहरातला एक प्रयोगही आहे, ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांचा. सुमारे ३०,००० मतदारांवर केलेला. मतदानाला या, असं कुणी दारात येऊन सांगितलं तर मतदान खरंच वाढलं. फोनने तसं झालं नाही. माणसाने माणसासमोर उभं राहण्याला काहीतरी किंमत आहे, एवढं मी त्यातून घेतलं.

निकालाच्या रात्री पेनसिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, ट्रम्पना गेली. आमची बक्स काउंटीही त्यांनीच जिंकली, तीनशेहूनही कमी मतांनी, आणि इथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला तो १९८८ नंतर पहिल्यांदाच. तीनशे मतं म्हणजे माझ्या चार शनिवारांच्या यादीएवढीही नाहीत.

मार्चमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणारी ती बाई रिटर्न भरायला माझ्याकडे आली. ऑफिसात मी राजकारण काढत नाही. पगाराचे कागद झाले, मुलाच्या पाळणाघराच्या पावत्या झाल्या. सही करता करता तीच म्हणाली, "मी गेले होते हं मतदानाला. संध्याकाळी सात वाजता, बंद व्हायला तासच होता."

मी म्हटलं, "कामावरून थेट?"

"नाही. ताई गाडी घेऊन दारात आली. म्हणाली, बस."

कुणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग तिने विचारलं की परतावा साधारण कधी जमा होईल, आणि मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.