फळ्यावर उद्या काय काढू?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून, एक काळा फळा आहे. त्यावर दिनविशेषाचं चित्र काढायचं हे माझ्या वेळापत्रकात कुठंही लिहिलेलं नाही, पण ते माझंच काम आहे हे शाळेतल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, मग शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. सप्टेंबरात कर्मवीर भाऊराव पाटलांची दाढी. माझं वर्ष असं तारखांवर चालतं.

लोक विचारतात, मॅडम, तुम्हाला रोज नवीन सुचतं कसं? खरं सांगायचं तर रोज काहीच सुचत नाही. घरी माझ्या माळ्यावर हँडमेड कागदाची गुंडाळी आहे, चांगले ब्रश आहेत, एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना पैसे साठवून घेतलेले रंग आहेत. निवांत वेळ मिळाला की काढू, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. मे महिन्याची सुट्टी लागते, निवांत वेळ मिळतो, आणि मी कपाटं आवरते, कुरडया घालते, पंख्याची पाती पुसते. कोरा पांढरा कागद समोर ठेवला की मला पाण्याची बाटलीसुद्धा भरून आणावीशी वाटते. तीच मी शाळेत मात्र, पहिली घंटा व्हायच्या आत, स्टुलावर उभी राहून अख्खा फळा भरून मोकळी होते.

हा काय प्रकार आहे, याचा विचार मी बरेच दिवस केला. उत्तर मिळालं ते एका १ ऑगस्टला.

१ ऑगस्ट ही कलाशिक्षकांची परीक्षा असते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती, दोन्ही त्याच दिवशी. बहुतेक फळ्यांवर मधोमध रेघ मारलेली दिसते, डावीकडे पगडी, उजवीकडे अण्णाभाऊंचा चेहरा, खाली ‘विनम्र अभिवादन’. मीही तसंच काढत आले होते. पण त्या वर्षी अण्णाभाऊंचा जो फोटो छापून मिळाला त्यात शाई इतकी फुटलेली की नाक कुठं आणि मिशी कुठं कळेना. मोबाइलला रेंज नाही, बाहेर धो धो पाऊस, हातात जेमतेम पाऊण तास. चेहरा काढता येणार नाही, मग काढायचं काय? स्टाफरूममध्ये सहज तारखा बघताना लक्षात आलं की नुसता दिवस नाही, सालही एकच आहे. टिळक मुंबईत गेले १ ऑगस्ट १९२० ला, आणि अण्णाभाऊ वाटेगावात जन्मले तेही १ ऑगस्ट १९२० ला. वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं. इतकी वर्षं दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहीत होते मी, पण त्यांच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

मग रेघ मारलीच नाही. फळ्याच्या एका टोकाला गिरगाव चौपाटीवरची अंत्ययात्रेची गर्दी काढली, पाठमोरी, पावसात, नुसत्या छत्र्या आणि पागोटी. दुसऱ्या टोकाकडून एक वाट आणली, तिच्यावर एक बाप आणि त्याचा पोरगा मुंबईच्या दिशेनं चालत निघालेले. अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला गेले होते, ते. मधली सगळी जागा काळी ठेवली. एकही चेहरा नाही. मुलं प्रार्थनेच्या आधी फळ्यासमोर थांबली आणि आमचा शिपाई मामा म्हणाला, "बाई, टिळक कुठायत?" मी म्हटलं, "गर्दीत." त्यानं जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. ही माझ्यासाठी मोठी पावती होती.

चांगला फोटो मिळाला असता तर हे चित्र झालं नसतं, एवढं नक्की.

आमचे मराठीचे सर यावर खूश झाले. त्यांनी मला मोरोपंतांचं सांगितलं. पंतांनी १०८ रामायणं रचली असं मानतात. गोष्ट तीच, सगळ्यांना पाठ असलेली. पण प्रत्येक वेळी स्वतःला काहीतरी नवी अट घालून घ्यायची. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात यायचं नाही. प, फ, ब, भ, म सगळे बाद. सर म्हणाले, "आता विचार करा मॅडम, रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही!" मला बारामतीत बसून ओठ न मिटता पुटपुटणारे पंत डोळ्यांसमोर आले आणि हसू आवरेना. विद्वान त्याला शब्दांची कसरत म्हणतात. म्हणोत. एकशेआठ वेळा एकाच गोष्टीकडे परत जायला काहीतरी निमित्त लागतंच की.

माझ्या फळ्याच्याही अटी आहेत, आणि त्या मी घातलेल्या नाहीत. विषय तारखेनं दिलेला. खडू सहा-सात रंगांचे, त्यात निळा सगळ्यांत आधी संपतो. विज्ञान दिनाला रामन यांच्या जहाजप्रवासातला समुद्र काढायचा तर मी जानेवारीपासूनच निळे खडू लपवून ठेवते. कागदावर जलरंगात काम करताना उजेड राखून ठेवायचा असतो, पांढरं तेवढं वाचवायचं. फळ्यावर उलटं, इथं अंधार राखायचा. नाकाची सावली काढायचीच नाही, ती फळ्यातच असते, तिच्या बाजूचा उजेड तेवढा खडूनं भरायचा. खडू पाण्यात बुडवून ओढला तर आधी रेघ फिकट दिसते आणि घाबरायला होतं, वाळली की ठसठशीत उठते. आदल्या दिवशी फळा ओल्या फडक्यानं पुसून नीट वाळू दिला नाही तर दुसऱ्या दिवशी आभाळात पट्टे दिसतात, मग मुकाट्यानं पावसाचं चित्र काढावं लागतं. हे सगळं सांभाळताना ‘मला काय व्यक्त करायचंय’ वगैरे विचार करायला सवडच मिळत नाही. बहुतेक म्हणूनच काहीतरी व्यक्त होतं.

आणि मग ते पुसायचं असतं. पुढची तारीख आली की ओलं फडकं. नवीन शिक्षकांना याचं फार वाईट वाटतं, ते आधी फोटो काढून घेतात. मीही घेते, पण पुसताना मला बरंच वाटतं. चित्र बिघडलं तरी दोन दिवसांत त्याची साक्ष संपते. माळ्यावरचा महागाचा कागद काही मला अशी सूट देत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहमान आम्हाला कलेच्या इतिहासात होते. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहून तोच तलाव वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवणारे. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं त्याच कोटीतीर्थात सोडून दिली, असं सांगतात. विद्यार्थिनी असताना ते ऐकून मी हळहळले होते. आता मनात वेगळंच येतं. आपल्या चित्राचं आपण काय करायचं, हे ठरवायची मुभा या माणसानं स्वतःकडे ठेवली होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर कलाशिक्षकांचे गट आहेत. ३ जानेवारीला पहाटेपासून तिथं सावित्रीबाईंची रांग लागते, सगळ्या एकाच छायाचित्रावरून काढलेल्या, काही माझ्याहून कितीतरी सरस. प्रेरणा मिळावी म्हणून बघायला जावं तर हातातला खडू जड होतो. आता मी चित्र झाल्यावरच तो गट उघडते. प्रेरणादायी सुविचार पाठवणाऱ्यांना तर मी म्यूटच केलंय, त्यात माझी सख्खी वहिनीही आहे. तिला सांगू नका.

गेल्या दिवाळीत मी घरी एक प्लायवूडचा तुकडा काळा रंगवून घेतला आणि स्वयंपाकघराच्या बाहेर टांगला. घरच्या फळ्याला सावित्रीबाई नकोत, म्हणून कालनिर्णयच्या चौकटींत मी माझे स्वतःचे दिनविशेष लिहायला लागले, दुधाच्या खाड्यांशेजारी. बेंदूर. आत्याची वाडीतली पहिली भाताची लावण. मुक्कामाची एसटी बंद झाली तो दिवस. आईला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी काढली तो दिवस, त्यात तिला सगळ्यांत आधी दिसलेली गोष्ट काढायची होती, आणि ती होती नर्सबाईंचं मंगळसूत्र. यजमान दूधवाल्याचा हिशेब करताना गोंधळतात, "हे ‘मंगळसूत्र’ काय लिहिलंयस सोळा तारखेला?" असं घाबरून विचारतात.

या आठवड्याच्या चौकटीत ‘गळीत’ लिहिलंय. कारखान्याचा हंगाम सुरू होतोय. धुराडं सोपं आहे, पांढऱ्यावर बोट फिरवलं की धूर तयार. ऊसगाड्या, बैलांची शिंगं, ट्रॉलीमागे धावत ऊस उपसणारी पोरं, हेही जमेल. अडलंय ते मळीच्या वासाशी. संध्याकाळी वारा फिरला की तो अख्ख्या गावात भरतो, आणि तो नसेल तर ते चित्र आमच्या गावाचं होणारच नाही. सातवी ब च्या वर्गात मी मुलांनाच विचारलं, वास कसा काढायचा रे? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "बाई, नाक धरलेले हेडसर काढा."