आईची टेप

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला चौदा दिवस झाले होते. मोरीत घसरली, हाड मोडलं, खुब्याच्या सांध्यातला बॉल बदलावा लागला. घरी आल्यापासून पाय सुजायचाच. दिवसा खुर्चीत बसली की फुगायचा, रात्री उशीवर ठेवला की सकाळपर्यंत उतरायचा. त्या सकाळी उतरला नाही. पोटरी लालसर, हाताला गरम, ताप ९९.८.

घरात निकाल लागून गेला: आत पू झालाय. शेजारच्या काकू तिळाचं तेल कोमट करून घेऊन आल्या. मी अँटिबायोटिक आणायला पायात चप्पल घातलीच होती, निघता निघता डॉक्टरांना फोन लावला एवढंच.

त्यांनी आधी जखमेचं विचारलं. पट्टी ओली आहे? टाक्यांच्या कडा लाल, फुगलेल्या? घाण वास? खुब्यातलं दुखणं कमी होत होतं ते परत वाढलं? यातलं काहीच नव्हतं, जखम कोरडी ठणठणीत. जे काय होतं ते गुडघ्याच्या खाली. तापाचं म्हणाल तर शिरेत रक्ताची गाठ झाली तरी थोडा येतो, त्यावर जाऊ नका, म्हणाले. दोन्ही पोटऱ्या मोजा, गुडघ्याखाली पुढे हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली.

आईने तीस वर्षं ब्लाऊज शिवलेत. तिचीच पिवळी टेप काढली, बॉलपेनने खुणा केल्या. डावी ३१, उजवी ३५.

"टेप तिरकी धरलीस," आई म्हणाली. पुन्हा घेतलं. ३५च.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "तीनच्या वर फरक? चोळू नका, शेकू नका, लगेच घेऊन या. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ अँब्युलन्स." चोळल्याने गाठ सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. काकू वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या.

रक्त तपासून कळणार नाही का, मी विचारलं. गाठ झाली की रक्तात वाढतो तो डी-डायमर ऑपरेशननंतर तसाही वाढलेलाच असतो, म्हणून थेट कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. गुडघ्यामागच्या शिरेत गाठ निघाली.

डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ करायची गोळी पस्तीस दिवस लिहिली होती. गोळ्यांची पहिली स्ट्रिप पाचव्या दिवशी संपली आणि मी दुसरी आणलीच नव्हती. हे डॉक्टरांना सांगताना आईकडे बघवलं नाही.

आता तीन महिने गोळ्या. दर रविवारी पोटरीचं माप आई स्वतः घेते. माझ्या हातचं तिला चालत नाही.