दोन्ही सर्व्हर चालू, तरी दवाखाना ठप्प

२०१९ च्या मे महिन्यातला शेवटचा सोमवार. नवतपा लागून दोन दिवस झाले होते, सकाळी दहालाच गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. साडेदहानंतर फोन वाजला. नागपूरच्या धंतोलीतला एक मोठा दवाखाना; तिथले सर्व्हर सांभाळायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. त्यांचा आयटीचा पोरगा एका दमात बोलला, "सर, सगळंच बंद पडून राहिलं. रजिस्ट्रेशन नाही, लॅब नाही, फार्मसी नाही. पण दोन्ही सर्व्हर तर चालू दिसून राहिले!"

"मी येतो तोवर कशालाच हात लावू नको," म्हटलं आणि निघालो.

विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू वरचं हायपर-व्ही क्लस्टर होतं ते, म्हणजे एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा काम उचलतो अशी जोडी. दोन नोड, म्हणजे ते दोन सर्व्हर; खाली एक सॅन, म्हणजे दोघांची सामायिक डिस्कपेटी; आणि सॅनवरून दोन्ही नोडना दिलेला ४ टीबीचा एकच लन, म्हणजे त्या पेटीतला एक कप्पा. त्याचं क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम केलेलं, म्हणजे दोन्ही नोडना एकाच वेळी वापरता येणारी जागा; त्यावर १४ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हायपर-व्ही सर्व्हरच्या आत चालवतं ते आभासी संगणक. ही मांडणी माझीच होती, २०१६ ची.

पोहोचलो तेव्हा ओपीडीच्या खिडकीपासूनची रांग पार पायऱ्यांपर्यंत आली होती. सर्व्हर रूममध्ये क्लस्टर सांभाळायचा प्रोग्राम, फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर, उघडला. जवळजवळ सगळ्या मशीनसमोर एकच शब्द: पॉझ्ड-क्रिटिकल. व्हॉल्यूमवर उरलेली जागा शून्य.

पोरगा म्हणाला, "सर, दुसऱ्या नोडवर टाकून पाहू का?" त्याचं विचारणं साहजिक होतं, क्लस्टर त्यासाठीच तर घेतात. पण फेलओव्हर, म्हणजे मशीन आपोआप दुसऱ्या नोडवर जाणं, होतो तो नोड मेल्यावर. इथं दोन्ही नोड ठणठणीत होते आणि दोघांसमोर तेच एक भरलेलं व्हॉल्यूम होतं. विहीर आटल्यावर पंप बदलून पाणी येत नाही.

मग तो म्हणाला, "नाहीतर टर्न ऑफ करून परत चालू करू?" तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. जागा संपली की हायपर-व्ही मशीन मारत नाही, आहे त्या क्षणी थांबवून ठेवतं. मेमरीतलं सगळं जसंच्या तसं असतं, फक्त डिस्कवर उतरायचं बाकी असतं. टर्न ऑफ म्हणजे ते सगळं फेकून देणं, आणि तेही दवाखान्याच्या डेटाबेसचं. थांबलेलं मशीन सुरक्षित आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. खरं तर थोडं स्वतःलाही सांगत होतो.

जागा गेली कुठं? बघितलं तर डेटाबेसच्या मशीनच्या फोल्डरमध्ये ४१० जीबीची एव्हीएचडीएक्स फाईल. फेब्रुवारीत सॉफ्टवेअर अपग्रेड करायला आलेल्या माणसानं खबरदारी म्हणून चेकपॉइंट, म्हणजे गरज पडली तर मागे फिरता यावं यासाठी त्या क्षणाची नोंद, घेतला होता आणि तो तसाच राहिला होता. चेकपॉइंट घेतला की मूळ डिस्क गोठते, त्यापुढचं प्रत्येक लिखाण वेगळ्या, अशा एव्हीएचडीएक्स फाईलमध्ये जातं. हा डेटाबेस रोज रात्री आपला बॅकअप आपल्याच डिस्कवर, जुना पुसून नवा, लिहायचा. मशीनला आतून वाटायचं की जागा तेवढीच लागतेय. बाहेर मात्र ही दुसरी फाईल तीन महिने फुगत होती.

चेकपॉइंट लगेच काढून टाकणं शक्य नव्हतं. मर्ज होताना, म्हणजे दुसऱ्या फाईलमधलं मूळ डिस्कमध्ये मिसळताना, मूळ डिस्क वाढते आणि ती दुसरी फाईल काम संपेपर्यंत पुसली जात नाही. म्हणजे जागा मोकळी करायलाच आधी जागा हवी.

शोधता शोधता त्याच व्हॉल्यूमवर कुणीतरी ठेवलेल्या आयएसओ फाईल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रती, सापडल्या. ३४ जीबी. त्या काढल्या, पण सगळी मशीन सोडली नाहीत. चौदाही जणांनी तोंड लावलं असतं तर ते ३४ जीबी किती टिकले असते? आधी कुणाला द्यायचं हे मला ठरवता येत नव्हतं. प्रशासनाच्या मॅडमना विचारलं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "लॅब. कॅज्युअल्टीतले रिपोर्ट अडकलेत. रजिस्ट्रेशन आम्ही कागदावर करतो."

आधी डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारं मशीन, उठवला, मग डेटाबेसच्या मशीनची खिडकी उघडली. स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ १०:३४ वर थांबलं होतं. भिंतीवर ११:५२ झाले होते. रिझ्यूम दाबलं आणि त्या घड्याळावरून नजर हटवली नाही. काही वेळानं ते एकदम ११:५३ वर आलं. तोवर मी लॅबवाल्यांना लॉगिन करू दिलं नव्हतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की डोमेनचं लॉगिन अडतं हा एक भाग. पण रक्ताच्या रिपोर्टवर चुकीची वेळ छापली जाणं मला त्याहून वाईट वाटत होतं.

सॅनच्या पूलमध्ये १ टीबी मोकळा होता. लन वाढवून ४.५ टीबी केला, दोन्ही नोडवर रिस्कॅन केलं आणि व्हॉल्यूम ज्या नोडच्या मालकीचं होतं तिथून ते वाढवलं. चालू व्हॉल्यूम तसंच वाढतं, काही बंद करावं लागत नाही. दीडपर्यंत चौदाही मशीन उठली होती. चेकपॉइंट संध्याकाळी काढायला लावला, मर्ज रात्री उशिरा संपला.

तो संपेपर्यंत मी तिथंच बसून हिशोब केला. चौदा मशीनना मिळून सात टीबीहून जास्त जागा कबूल केलेली होती, चार टीबीच्या जिवावर. लागेल तशा वाढणाऱ्या डायनॅमिक डिस्क असल्यामुळे कुणाला कळत नव्हतं. शेअर्ड व्हॉल्यूम २००८ आर-टू मध्ये आलं; त्याआधी लनची मालकी एका वेळी एकाच नोडकडे असायची, म्हणून प्रत्येक मशीनला वेगळा लन द्यायची पद्धत होती. कटकटीचं होतं, पण एक लन भरला तर एकच मशीन बसायचं. सगळं एका व्हॉल्यूमवर आणलं तेव्हा मला फक्त सोय दिसली. मधल्या भिंतीही पडल्या हे दिसायला हवं होतं, आणि ते बघणं माझंच काम होतं.

महिन्याभरात नवीन डिस्क आल्या. डेटाबेसला आणि एक्स-रेच्या प्रतिमांच्या मशीनला वेगळे लन दिले, आत फिक्स्ड डिस्क, म्हणजे पूर्ण जागा आधीच अडवून ठेवणाऱ्या. लन दोन्ही नोडना दाखवला, पण ऑनलाइन आणि फॉरमॅट एकाच नोडवरून केला, मगच क्लस्टरमध्ये घेऊन शेअर्ड व्हॉल्यूम केलं. बाकीची मशीन जुन्या व्हॉल्यूमवर डायनॅमिकच राहिली. मात्र रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: मशीन, कबूल केलेली जागा, वापरलेली जागा, चेकपॉइंट आहे का.

ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअरवाला पुन्हा अपग्रेडला आला. मी दुसऱ्या नोडवर अपडेट लावत होतो. त्यानं चेकपॉइंट घेतो म्हटल्यावर आयटीच्या पोरानं रॅकचं दार उघडलं आणि त्याच्या हातात पेन दिला.

"काढणार कोणत्या तारखेला, ते आधी लिहा भाऊ. मग घ्या."